वलंदेजाचा धोंडा

"आज तिथी काय गं?" दाढी करता करता विद्याधरने विचारलं.

"चतुर्थी. संकष्टी आहे माझी," मी म्हटलं.

साबण लागलेल्या तोंडानेच त्याने गणित केलं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट ही भरतीची वेळ. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पूर्ण भरती दुपारी तीनला. सहा तास मागे गेलं की पूर्ण ओहोटी सकाळी नऊला. हे गणित त्याला त्याच्या वडिलांनी शिकवलं होतं, आणि ते वेंगुर्ल्याकडचे, त्यामुळे त्यावर शंका घ्यायची सोय नव्हती. पूर्ण ओहोटीच्या अलीकडे दीड तास आणि पलीकडे दीड तास धोंड्याकडची वाट मोकळी असते, असं आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या परुळेकर गुरुजींनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. "आठला निघू, साडेदहाच्या आत परत," विद्याधर म्हणाला आणि राहिलेला गाल खरवडायला लागला.

लिहिताना मी त्याला नावाने लिहिते आहे. तोंडाने आजही अहोच म्हणते.

ही एकोणनव्वद सालच्या माघातली गोष्ट. आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. विद्याधर नाबर पुण्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचा आणि सुट्टी मिळाली की शिलालेखांच्या मागे हिंडायचा. समुद्र आपल्या रक्तात आहे असं तो म्हणे, पण सगळा जन्म पुण्यात गेल्यामुळे त्याला पोहता येत नव्हतं. मी बार्शीची. आमच्याकडे पाणी म्हणजे दिवसाआड नळाला येणारी गोष्ट. इतकं पाणी एका जागी मी त्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. मी पहिल्यापासून भित्री. पाल, लिफ्ट, विजेचा कडकडाट, सगळ्याला भिते. विद्याधर मला भागूबाई म्हणायचा. प्रेमानेच म्हणायचा, पण चारचौघांतही म्हणायचा.

गुरुजींच्या त्या गावाच्या किनाऱ्यापासून दोनेक फर्लांग आत समुद्रात एक मोठा काळा खडक आहे. त्याला सगळे वलंदेजाचा धोंडा म्हणतात. हा मुलूख शोधत आलेलं वलंदेजांचं, म्हणजे डचांचं, पहिलं गलबत या खडकावर फुटलं आणि वाचलेल्या खलाशांनी त्यावर आपली नावं कोरली, अशी गावात समजूत आहे. कुणा गोऱ्या साहेबानेही आपल्या प्रवासवहीत 'दोन ओळी, अक्षरे झिजलेली' असं लिहून ठेवलं होतं. त्या ओळींचा ठसा आजवर कुणीच घेतला नव्हता. विद्याधरला तो घ्यायचा होता. त्याच्या कॉलेजातले एक वयस्क प्राध्यापक त्याच्या या नादाला हसायचे, त्यांच्या टेबलावर नेऊन त्याला तो ठसा पसरायचा होता.

ओहोटीच्या वेळी किनाऱ्यापासून धोंड्यापर्यंत खडप उघडं पडतं. खडप म्हणजे समुद्राखालचा सपाट खडक, खड्ड्याखड्ड्यांचा, शेवाळ्याने निसरडा. धोंडा आणि खडप यांच्यामध्ये मात्र एक नळ आहे, म्हणजे खडकातली चर, बैलगाडी जाईल एवढी रुंद. ओहोटीला तिच्यात घोटाभर पाणी असतं. खडपावर गावातल्या सात-आठ बायका कालवं काढत बसल्या होत्या. हातातल्या कोयत्याने टकटक करून खडकाला चिकटलेला शिंपला फोडायचा, आतलं मांस टोपलीत टाकायचं. त्यांतली एक पन्नाशीची बाई आम्हाला बघून उठली. ही सुभद्रा कुबल. गुरुजींच्या घरी मासळी घालायची, त्यामुळे आदल्या दिवशी ओळख झाली होती.

"धोंड्यार चललात?" तिने विचारलं. "कितको वेळ लागतलो?"

विद्याधर म्हणाला, दीड-दोन तास. तिने एकदा आभाळाकडे, एकदा पाण्याकडे पाहिलं.

"आमी मागे फिरलव काय तुमी पण फिरा," ती मला म्हणाली. "आणि गे बाये, कालवां खंयपर्यंत लागलीत ता बघून ठेव. थंयपर्यंत पाणी येता."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मी तेव्हा माझ्या पायांकडे बघत होते. चपला घसरत होत्या म्हणून मी त्या नळाच्या अलीकडे एका कोरड्या दगडावर काढून ठेवल्या आणि अनवाणी पलीकडे गेले.

धोंडा दोन पुरुष उंच असेल. किनाऱ्याकडच्या बाजूला त्याच्या उभ्या अंगावर खरोखरच दोन ओळी होत्या. छातीच्या उंचीपासून सुरू होऊन तिरक्या वर गेलेल्या. विद्याधरचे डोळे भरून आले, मी पाहिलं. त्याने बावीस खुणा मोजल्या. ओळी तिरक्या का, असं मी विचारलं तर म्हणाला, जन्मभर डुलणाऱ्या जहाजावर उभ्या राहिलेल्या माणसाला सरळ ओळ कुठून यायला? मला ते पटलं.

मग तो कामाला लागला. ब्रशने खडक घासला, गोड्या पाण्याने धुतला, ओला कागद चिकटवला आणि दुसऱ्या ब्रशने थोपट थोपट थोपटून प्रत्येक खाचेत बसवला. त्यावर शाईची गादी फिरवली. आता कागद वाळायची वाट बघायची. वाळल्याशिवाय काढला की त्याचा लगदा होतो. आणि खारं वारं सुटल्यामुळे तो काही केल्या वाळेना.

सव्वानऊच्या सुमाराला टकटक थांबली. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन किनाऱ्याकडे निघाल्या. सुभद्राने नळापाशी येऊन आम्हाला हाक मारली. विद्याधरने हात हलवून 'येतो' केलं. थोडं पुढे जाऊन तिने पुन्हा हाक मारली. त्याने पुन्हा हात हलवला.

"अहो, त्या गेल्या. आपणही जाऊ या," मी म्हटलं.

"त्यांच्या टोपल्या भरल्या म्हणून त्या गेल्या. आपल्या हातात अजून सव्वा तास आहे. घड्याळ बघ." आणि मग हसून, "भागूबाई."

मी आदल्या दिवशी गुरुजींच्या विहिरीवरच्या रहाटाला घाबरले होते, त्याच्या आदल्या दिवशी एस्टीतल्या बोकडाला. माझ्या भीतीला घरात किंमत उरली नव्हती, आणि ती मीच घालवली होती. मी धोंड्याला पाठ टेकून नळाकडे तोंड करून बसले.

काही मिनिटांनी धोंड्याच्या खालच्या भोकांतून पाणी भरल्याचा गुळगुळ आवाज यायला लागला. एक खेकडा माझ्या शेजारून वर चढून गेला. मग दुसरा. आणि मग नळातून माझी डाव्या पायाची चप्पल तरंगत आली, धोंड्याला दोनदा आपटली आणि फिरून समुद्राकडे निघून गेली.

"अहो," मी म्हटलं, "माझी चप्पल."

विद्याधरने वळून पाहिलं. ज्या दगडावर मी चपला ठेवल्या होत्या तो दगड दिसत नव्हता. घड्याळात नऊ चाळीस झाले होते. त्याच्या गणिताने पाणी नुकतंच चढायला लागलं असायला हवं होतं.

तो खाली उतरला आणि नळात शिरला. तिसऱ्या पावलाला पाणी कमरेपर्यंत आलं. मग समुद्राकडून एक उंच लोंढा आला आणि त्याने विद्याधरला सहज आडवा पाडला. क्षणभर तो मला दिसलाच नाही. तो खोकत, खडक धरत परत आला तेव्हा त्याच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता आणि कोपर फुटलं होतं.

"तिथी बरोबर सांगितलीस ना?" त्याने विचारलं. त्याचा आवाज मी कधीही ऐकला नव्हता असा होता.

"संकष्टी चुकेल का माझी?" मी म्हटलं. लहानपणापासून एक संकष्टी मी सोडली नव्हती. त्या क्षणी मला त्याचा रागच आला.

तेवढ्यात मला सुभद्राचं बोलणं आठवलं आणि मी वर पाहिलं. कालवं धोंड्यावर माझ्या गुडघ्यापर्यंत होती. कमरेपर्यंत होती. माझ्या डोक्याच्या वर, हात उंच केला तरी पोचणार नाही इथपर्यंत ती खडकाला चिकटलेली होती. मी त्याला बोटाने दाखवलं. चष्म्याशिवाय त्याला दिसेना. मला ते सांगावं लागलं.

"पाणी आपल्या डोक्यावरून जाणार आहे," मी म्हटलं.

पाणी आता आमच्या पिंढऱ्यांना लागत होतं. दर लाटेला धोंडा आतून हुंदका दिल्यासारखा वाजायचा. धोंड्याच्या बाजूला शेवाळ, मागे उघडा समुद्र. विद्याधर माझा दंड धरून नुसता उभा होता. आपण मरणार, हे मला इतकं स्वच्छ दिसलं की रडूसुद्धा आलं नाही. रात्रीचा चंद्रोदय आपण बघणार नाही, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

मग हाक ऐकू आली. पलीकडे खडपावर, मांडीभर पाण्यात, लुगडं वर खोचून सुभद्रा उभी होती. एकटीच परत आली होती. ती दोन्ही हात वर-खाली करत काहीतरी सांगत होती. लाटेच्या आवाजात अर्धं ऐकू येईना.

"बोटां घाल! खाच्यात बोटां घाल!"

मला आधी कळलंच नाही. ती हवेत शिडी चढल्यासारखं करून दाखवत होती. डावा हात, उजवा हात. मी मागे वळले. आमच्यामागे कागद होता, अर्धा भिजलेला, आणि त्याखाली त्या दोन तिरक्या ओळी. मी कागदावरूनच पहिल्या अक्षरात बोटं घातली. कागद फाटून आत गेला आणि माझी चारही बोटं पेरापर्यंत नीट बसली. खाचेची वरची कड आतून गुळगुळीत होती. किती हातांनी ती झिजवली असेल कोण जाणे.

मी त्याच्याकडे पाहिलं. तोही बघत होता. जवळचं त्याला दिसायचं.

"चढ," तो म्हणाला.

मी अक्षरांवरून चढले. एक ओळ हातांना, एक पायांना. त्याच्या बावीस अक्षरांतली एकही खूण वाया गेली नाही. प्रत्येक वेळी पाय उचलताना कालवांच्या कडांनी तळवे चिरत होते. खाली बघू नको असं सुभद्रा ओरडत होती आणि मी बघत होते. विद्याधर माझ्यामागून आला. चढताना त्याने कागदाचा राहिलेला तुकडा खांद्याने घासून काढला, कारण ओला कागद हाताखाली घसरत होता. तुकडा पाण्यात पडला आणि मी तो जाताना पाहिला. त्याने पाहिलं नाही.

धोंड्याच्या माथ्यावर दोन माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसू शकतील एवढा खळगा आहे. तिथे कालवं नव्हती. तरी मोठी लाट आली की पाणी आमच्या मांड्यांवरून जायचं, आणि प्रत्येक लाट परतली की मला वाटायचं, पुढची हिच्याहून मोठी असेल. आम्ही तसे दोन तासांहून जास्त बसलो. तो एकदाच बोलला. म्हणाला, "हेमा, मी तुला उगीच आणलं." मी त्याच्या ओल्या शर्टाला धरून ठेवलं होतं. बारा वाजून गेल्यावर सुभद्राचा दीर होडी घेऊन आला. होडी धोंड्याला लावता येईना, म्हणून त्याने दोर फेकला आणि आम्हाला एकेक करून पाण्यातून ओढून घेतलं. त्या दहा हातांच्या अंतरात मी किती पाणी प्यायले ते मला माहीत नाही.

दुपारी गुरुजींच्या पडवीत सुभद्रा माझ्या तळव्यांना हळद-तेल लावत होती. विद्याधर दोन हात अंतरावर खांबाला टेकून चहा पीत बसला होता. त्याने तिला हळूच विचारलं की त्या खाचा कुणाच्या.

"त्ये आमच्या सासवांचे," ती म्हणाली. "पाणी भरला आणि कोण अडाकला तर चढूचे. माका सासून दाखयले, तिका तिच्या सासून. पयले कोणी पाडले ता माका काय म्हायत."

विद्याधरने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, वलंदेजांचं गलबत इथे फुटलं असेल तर तेही बिचारे ह्याच खाचांना लटकले असतील. आणि हसला. ते हसू बघून मला रडू आलं, इतका वेळ आलं नव्हतं ते.

गुरुजींच्या बायकोने मला भात वाढू का विचारलं. मी म्हटलं, नको, संकष्टी आहे, चंद्रोदयाला सोडीन. सुभद्राचे हात तळव्यावर थांबले.

"माजो पण उपास आसा," ती म्हणाली. "पण बाये, आज सकाळी तिसर मगे. चवथ सांजेक लागता. चंद्र चवतीत उगवता म्हणान आपण आज उपास धरतंव. उपास चवतीचो, पण पाणी तिसरेचा."

ती ते साधं बोलल्यासारखं बोलली आणि पुन्हा तेल चोळायला लागली. तिनाची पाऊणपट सव्वादोन. ओहोटी नऊला नव्हतीच, सव्वाआठला होती. पाऊण तास. मी त्याला पाऊण तास चुकीचा दिला होता, आणि वर त्याने विचारलं तेव्हा ताठ मानेने सांगितलं होतं. मला त्याच्याकडे बघवेना. धोंड्यावर मी जेवढी भ्याले नव्हते तेवढी त्या पडवीत भ्याले, कारण धोंड्यावर तो माझ्या बाजूला होता.

तेवढ्यात गुरुजी आले आणि विद्याधरवर रागावले. एवढा शिकलेला माणूस, वाट किती वेळ मोकळी ते सांगून ठेवलं होतं, अडकलातच कसे?

विद्याधरने कप खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "गणित चुकलं माझं. पाऊणपट करताना घोळ झाला."

त्याने सुभद्राचं बोलणं ऐकलं होतं की नव्हतं, हे मला कळलं नाही. मी विचारलं नाही. विचारायला धैर्य लागतं, आणि ते माझ्याकडे कधीच नव्हतं.

त्यानंतर एकतीस वर्षं त्याने ही गोष्ट सांगितली. शेजाऱ्यांना, विद्यार्थ्यांना, मुक्ता झाल्यावर मुक्ताला. त्या वयस्क प्राध्यापकांनाही त्याने स्वतःच जाऊन सांगितली. प्रत्येक वेळी रंगवून, स्वतःची फजिती करून, आणि प्रत्येक वेळी 'माझं गणित चुकलं' इथे टाळी घेऊन. मी चहा आणायला उठायचे. दोन गोष्टी मात्र बदलल्या होत्या. त्या दिवसानंतर त्याने मला कधी भागूबाई म्हटलं नाही. आणि त्या दिवसानंतर त्याने मला कधी तिथी विचारली नाही. आमच्या स्वयंपाकघरात त्याने स्वतः एक कॅलेंडर आणून टांगलं आणि काही लागलं की तो जाऊन तिथे बघायचा. दर वेळी तो माझ्यावरून पुढे जाऊन त्या भिंतीशी उभा राहिला की मला कसंतरी व्हायचं.

मागच्या वर्षी मुक्ताचं लग्न झालं. पहिल्यांदा जेवायला आलेल्या जावयाला, सारंगला, त्याने ही गोष्ट सांगितली. सारंग इंजिनिअर आहे. सगळे हसले, तो हसला नाही. त्याचा घास हातातच राहिला होता.

"बाबा, पण चाराची पाऊणपट तीनच," तो म्हणाला. "तुमचं गणित बरोबर होतं. मग चुकलं कुठे?"

एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. विद्याधर ताटाकडे बघायला लागला. मीठ पुढे ओढलं, मागे सारलं. मग म्हणाला, "तिथी मीच चुकीची धरली असेल."

माझ्या कानात तोच गुळगुळ आवाज. मी हातातला वाढायचा डाव खाली ठेवला.

"तिथी मी सांगितली होती," मी म्हटलं. "चतुर्थी सांगितली. होती तृतीया. मला त्याच दिवशी दुपारी कळलं होतं."

मुक्ता एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती.

"मलाही," विद्याधर म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"त्या दिवशी तुला आणखी किती घाबरवायचं? आणि नंतर वाटलं, तू सांगशील तेव्हा सांगशील." त्याने भाताचा एक घास घेतला, सावकाश चावून गिळला. मग सारंगकडे नाही, मुक्ताकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाला, "बरं, उद्या तिथी काय आहे गं?"

माझे डोळे भरले होते, त्यामुळे काहीच नीट दिसत नव्हतं. तरी मी उठले, फळीवरचा चष्मा घेतला आणि कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिले. बोट ठेवून दोनदा वाचलं.

"सूर्योदयाला द्वितीया," मी म्हटलं. "दुपारी दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत. मग तृतीया."